भिंतीपलीकडची ओवी

बारामती

वैशाली आणि हणमंत या नवरा-बायकोला मी दोन वर्षं ओळखत होते, पण पाहिलं कधीच नव्हतं. आमची ओळख आवाजाची. ते सणसरला आपल्या शेतातल्या खोलीत गाणं रेकॉर्ड करून मला फोनवर पाठवायचे. मी रत्नागिरीत पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाच्या धारा पुसत त्यावर व्हायोलिन वाजवायचे आणि परत पाठवायचे. गाणी त्यांची स्वतःची. शब्द वैशालीचे, चाल दोघांची, ढोल, बासरी आणि यंत्रांची सगळी खटपट हणमंतची. पाठीशी कुठली कंपनी नाही, पुण्या-मुंबईत कुणी ओळखीचं नाही. मीही घरी शिकवण्या आणि नाटकांना साथ यांवर दिवस काढणारी बाई, त्यामुळे आमचं जमलं.

वैशाखात हणमंतचा फोन आला. "ताई, ह्या वेळी फोनवरनं न्हाय. तुमीच या."

बारामतीत एक छोटं सभागृह घेऊन त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम ठरवला होता. ऐन लग्नसराईत लग्नांत वाजवायची सगळी कामं नाकारली होती. "लोकांची गाणी लई वाजवली," तो म्हणाला, "एकदा आपली वाजवून बघू. न्हाय जमलं तर हाय की आपली एमआयडीसी." लग्नाआधी तो तिथे एका कारखान्यात रात्रपाळी करायचा, हे मला ठाऊक होतं. तो हसला, मी मात्र हसले नाही.

बारामतीबद्दलची माझी कल्पना धुळीच्या बाजारगावाची होती. एसटीतून उतरले तर समोर सरळसोट रुंद रस्ते, ओळीत लावलेली झाडं, कॉलेजच्या पोरींच्या स्कूटर. आमच्याकडे रस्ता डोंगराला विचारून वळतो; इथे रस्त्याला अडवणारं काहीच नाही. हणमंत जुनी व्हॅन घेऊन आला होता. उंच, सावळा, बोलताना बोटांनी कशावर तरी ताल धरणारा माणूस. मागच्या सीटवर दोन ढोल माणसांसारखे बसवलेले होते.

चहाला थांबलो तर टपरीवाल्याचा फोन वाजला, आणि वाजलं ते वैशालीचंच गाणं:

उगवला दिस माझ्या उंबऱ्याच्या वर
सई, तुझं कोण सारवितं घर?

"एवढंच कडवं बाहेर सोडलंय," हणमंत हळू आवाजात म्हणाला. "फोनाफोनी लांब गेलंय. लोक ह्याच्यासाठीच येणार, ताई. बाकीची गाणी ह्याच्या जिवावर." मला ते अजून पाठवलं नव्हतं. दोनच ओळी, पण ऐकून माझ्या मानेवर शहारा आला. दुपारच्या त्या उन्हात शहारा येण्यासारखं त्यात काय होतं, ते मला सांगता आलं नसतं.

सणसर

सणसरला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. कोकणात माडांमधून, आगरांमधून पलीकडचं दिसत राहतं. इथे उभ्या उसाच्या आत दोन हातांपलीकडे काही दिसत नाही. वारा आला की सगळं रान एका अंगानं सळसळत येतं आणि आपल्याजवळ येऊन थांबतं, कुणी चालत आल्यासारखं. पहिल्या संध्याकाळी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

घरात वैशाली, हणमंत आणि हणमंतचे वडील तात्या. तात्यांचं वय सत्तरीपलीकडे, डोक्याला लाल पटका, खांद्यावर उन्हाळ्यातही घोंगडी. त्यांची हयात मेंढरांमागे गेली. आता मेंढरं विकून शेतीच करतात. मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"पाऊस सरला की आमी घाट उतरून तुमच्या कोकणात यायचो," ते म्हणाले. "भाताच्या खाचरात मेंढरं बसवायचो. माणसं चांगली. पर तुमच्या रानात लई आवाज. झाड बोलतंय, पाणी बोलतंय. आमच्या माळाला आवाज न्हाय."

"मग इकडे बरं वाटत असेल तुम्हांला?"

"कशाचं! आवाज न्हाय तितं माणूस कान देऊन बसतं. मंग नसलेलं बी ऐकू येतं."

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वांग्याचं कालवण होतं. भाताचा एक घास शेवटी, औषधासारखा. मी भाताची वाट पाहत तीन भाकऱ्या खाल्ल्या, हे वैशालीच्या लक्षात आलं आणि ती खळखळून हसली. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची मुलगी. बोलताना तिचा आवाज घोगरा वाटायचा. गाताना तोच आवाज कुठून इतका मोकळा होतो, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्यांची रेकॉर्डिंगची खोली म्हणजे पूर्वीचं कोंबड्यांचं शेड. भिंतींना आणि छताला घरच्या लोकरीच्या जुन्या घोंगड्या ठोकलेल्या. कळप गेला, पण लोकर राहिली. शेतातल्या मोटारींची घरघर बंद असते, म्हणजे लाइट गेलेली असते, तेव्हाच रेकॉर्डिंग करायचं, बॅटरीवर. बाकी सगळं गाव लाइट येण्याची वाट बघतं आणि हे दोघं ती जाण्याची.

दार लावल्यावर आत जी शांतता झाली तशी मी कधी अनुभवली नव्हती. स्वतःच्या कानातलं रक्त वाहताना ऐकू येत होतं. वैशालीनं माइकसमोर डोळे मिटले आणि गाणं म्हटलं. पहिलं कडवं, मग दुसरं, जे अजून बाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं:

हाक मी मारिते, ओ दे ग सई
तुझ्या माझ्यामधी भिंत काही न्हाई

आणि ती थांबली. मला वाटलं, श्वासासाठी.

"पुढे?" मी विचारलं.

"एवढंच झालंय," हणमंत म्हणाला. "वरीस झालं, तिसरं कडवं हिला सुचतच न्हाय. आता दिवस किती ऱ्हायलेत?"

"सुचंल तवा सुचंल," असं म्हणून वैशाली माइकची वायर गुंडाळायला लागली. गुंडाळून झालेली वायर तिनं पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

गाणं कसं सुचलं, ते हणमंतनं सांगितलं. मागच्या वैशाखात उजनीचं पाणी ओसरल्यावर दोघं पळसदेवला गेले होते. तिथलं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी उतरलं की जुनं देऊळ आणि घरांचे पाये उघडे पडतात. हणमंत चित्रण करत होता, वैशाली एका पडक्या भिंतीच्या सावलीला बसली होती. उठली ती गाणं घेऊनच.

"चालीसकट आलं, ताई," वैशाली म्हणाली. "शेजारच्या खोलीत कुणीतरी म्हणत असावं तसं."

व्हायोलिननं मात्र मला चांगलंच छळलं. रत्नागिरीच्या दमट हवेत त्याच्या खुंट्या फुगून घट्ट बसतात. इथल्या कोरड्या उन्हात त्या आकसल्या आणि सारख्या सुटायला लागल्या. सूर लावावा, आणि टक्‌ करून तार सैल. हणमंत गावातल्या पोरांची शिकवणी घ्यायचा; तिथला खडू त्यानं आणून दिला. खुंट्यांना खडू चोळून मी कशीबशी वेळ मारून नेत होते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. शेतावरून घरी यायची जवळची वाट कालव्याच्या कडेनं होती. वैशाली त्या वाटेनं कधीच आली नाही. उन्हातून लांबचा वळसा घालून यायची. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "वरीस झालं. पाण्याकडं बघत न्हाय पोर. कालव्याला कपडे बी न्हेत न्हाय."

निमगाव केतकी

मधला एक दिवस आम्ही दोघी तिच्या माहेरी, निमगाव केतकीला गेलो. आठवड्याचा बाजार होता. वैशालीच्या वडिलांनी पानांचे गठ्ठे बाजारात नेले होते. त्यांचा विड्याच्या पानांचा मळा आहे. आईनं ताक दिलं, माझ्या व्हायोलिनच्या पेटीला हात लावून "ह्यात काय तान्हं बाळ ठिवलंय?" असं विचारलं, आणि लेकीला म्हणाली, "कार्यक्रमाला आमी समदी येणार. पर एकदाचं सांग, ह्याच्यावर पोट भरतंय का?" वैशालीनं ताकाचा पेला तोंडाला लावला. आईनं पुन्हा विचारलं नाही. असल्या घरांतलं हे बोलणं मला परकं नव्हतं. माझी आई हेच कोकणी हेल काढून विचारायची.

मळा पाहून मी थक्क झाले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत पाऊल टाकलं की हिरवा काळोख. उंच वेलांच्या ओळी, वर पानांचं छत, पायाखाली ओल. हवा इतकी थंड, जणू अंगावर ओलं फडकं टाकलंय. लहानपणी वैशाली इथेच गायला बसायची.

"हितं आवाज परत येत न्हाय," ती म्हणाली. "म्हणलं की पानं पिऊन टाकत्यात. म्हणून बरं वाटतं. कुणी ऐकत न्हाय म्हणून."

आम्ही दोन ओळींच्या मधे बसलो. बराच वेळ ती वेलीचं एक वाळकं पान चुरत राहिली.

"ताई, तिसरं कडवं हाय."

मी तिच्याकडे पाहिलं.

"त्याच दिवशी आलं. तिन्ही एकदमच आली. मी हणमंतला बी सांगितलं न्हाय. लिहिलं न्हाय, म्हणून बघितलं न्हाय."

"अगं, का? तो बिचारा वर्षभर..."

"पहिल्या दोन्हीत बोलणारी बाई हाक मारती." तिचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "तिसऱ्यात दुसरीच बोलती. आणि ती बाई जिती न्हाय, ताई."

मळ्यात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मी तिचा हात धरला, तो गार पडला होता. काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. पण त्या हिरव्या अंधारात मला खरोखर भीती वाटली, आणि मी एवढंच म्हटलं, "चल, उन्हात जाऊ."

पळसदेव

कार्यक्रमाच्या आधी गाण्याचं थोडं चित्रण देवळापाशी करायचं, असं हणमंतच्या मनात होतं. वैशाली आधी नको म्हणाली, मग का कोण जाणे, कबूल झाली. वाटेत हायवेवरच्या एका खाणावळीत त्यानं मला उजनीची चिलापी खाऊ घातली. आम्ही समुद्राकाठची माणसं गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणत नाही. मी नाक मुरडून सुरुवात केली आणि काटे चोखून संपवली. त्या दिवशी त्यानंतर कुणी हसलं असेल, तर आठवत नाही.

पाणी पार दूर गेलं होतं. जिथे एरवी होड्या चालतात तिथे भेगाळलेला गाळ, शिंपले, फाटक्या जाळ्यांचे तुकडे. लांबवर पाण्याची चकचकीत रेघ आणि तिच्या कडेला गुलाबी पक्ष्यांची रांग. मधे काळ्या दगडाचं देऊळ, अंगावर पाण्याच्या पातळ्यांचे पट्टे घेऊन उभं. आणि त्याच्या आसपास गाव. गाव म्हणजे गुडघाभर, कुठे कमरेइतक्या उंच भिंती, दगडी उंबरे, चुलीच्या जागा, एका घरात जात्याची खालची तळी. मी एक उंबरा ओलांडून आत गेले, आणि कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटून लगेच बाहेर आले.

भर दुपार. सावल्या पायाखाली आलेल्या. पक्षी लांब, वारा पडलेला. हणमंतनं माइक लावला, वैशाली मागच्या वर्षीच्याच भिंतीपाशी उभी राहिली, आणि तिनं सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. मी गज उचलला, आणि टक्‌! खुंटी सुटली. हणमंतनं हात वर केला. सगळे थांबलो.

त्या थांबलेल्या शांततेत दुसरं कडवं ऐकू आलं.

हाक मी मारिते, ओ दे ग सई...

म्हातारा, थकलेला आवाज. चाल तीच, पण संथ. दर ओळीच्या अखेरीला जातं ओढल्यासारखा झोल. हणमंतनं आधी स्वतःचा फोन पाहिला, मग माझ्याकडे. दुसरं कडवं आम्हां तिघांशिवाय जगात कुणी ऐकलेलं नव्हतं. वैशाली पांढरीफटक पडली होती, पण आवाजाच्या दिशेनं पहिली चालायला लागली तीच.

पडक्या भिंतींच्या पलीकडे, ओसरलेल्या पाण्यामागच्या गाळात कुणीतरी काकड्यांचा वेल लावला होता. एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून काकड्या तोडत होती. हिरवं लुगडं, कमरेला फडकं. आमची चाहूल लागली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

"आजी," हणमंत म्हणाला, "हे गाणं कुठं ऐकलं तुमी?"

"गाणं न्हाय. ओवी हाय." आता तिनं वळून पाहिलं. "ती पहिली कोण म्हणलं? मला वाटलं, कान वाजत्यात. पाणी उतरलं की हितं माझं कान वाजत्यात."

"मी म्हणले," वैशाली म्हणाली.

म्हातारीनं तिला खालून वर निरखलं. मग काकड्यांची पाटी बाजूला सरकवली आणि आम्हांला बसायला भिंत दाखवली. तिचं नाव भागा. नव्या पळसदेवात तिचं घर होतं. पाणी गेलं की ती आपल्या जुन्या जमिनीवर पीक घ्यायला यायची. "पाणी येईस्तवर आमचं आमाला," ती म्हणाली. आम्ही बसलो होतो ती तिच्याच सासरच्या घराची भिंत होती.

"आन पल्याडचं हौसाचं." तिनं मागे न बघता हात केला. "दोघी एकाच वर्साच्या नव्या सुना. मधी ही भिंत. मी हिकडनं दळायचे, ती तिकडनं. मी एक ओवी म्हणायची, तिनं तिकडनं जोडायची. गळा असा गोड, की रस्त्यानं जाणारं माणूस थांबायचं. सासू वराडायची, तवा गप बसायची."

"आणि ही ओवी?" मी विचारलं.

"ही शेवटची. दोन मी जुळवल्या, म्हटलं, आता तू ओ दे. ती हसली, म्हणली, उद्या सांगते. सकाळच्याला हिरीवर पाण्याला गेली, पाय घसरला." भागाआजी लुगड्याच्या पदरानं काकडीवरचा गाळ पुसत राहिली. "पुढच्या सालाला धरणाचं पाणी आलं, गाव उठलं. तिच्या घरची माणसं लांब कुठं गेली. मी जातं न्हेलं नव्या घरी, पर ओवी म्हटली न्हाय. लेकीला न्हाय, सुनंला न्हाय. वरसातनं एकदा, पाणी उतरलं की हितं येऊन म्हणते. ऐकायला कोण नसतंय हितं."

हणमंतच्या हातातलं यंत्र चालूच होतं; त्यानं ते बंद केलं.

मग भागाआजीनं वैशालीकडे पाहिलं. त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं. रोजच्या शेजारणीला विचारावं तसं तिनं विचारलं:

"तुला पुढची आली का ग?"

हणमंत म्हणाला, "न्हाय आजी, तिला सुचतच..."

"आली," वैशाली म्हणाली.

हणमंतनं तिच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी विसरणार नाही. रागाचा नव्हता. आपण जिच्यासोबत राहतो तिच्या घरात आपण न पाहिलेली एक खोली आहे, हे त्याला तिथे कळलं.

वैशाली भिंतीच्या पलीकडे गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हौसाच्या बाजूला, जमिनीवर मांडी घालून ती बसली. आम्हांला तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता. आणि पलीकडून आवाज आला:

ओ देते सई, मला येववेना वर
पाण्याच्या खाली माझं सारवलं घर

ऊन तसंच होतं, पक्षी तसेच उभे होते. मला वाटलं, आता म्हातारी रडेल, नाहीतर कोसळेल.

भागाआजी बराच वेळ मान हलवत राहिली. मग तिनं सोडलेला श्वास मला दोन हातांवरून ऐकू आला.

"सारवलंय म्हणती," ती म्हणाली. "मंग बरी हाय."

वैशाली परत आली, तिच्या पायाशी बसली. "आजी, हे तुमचं दोघींचं हाय. तुमी नको म्हणला तर म्हणणार न्हाय."

हणमंतनं खाली पाहिलं. सभागृह, भिंतींवरच्या जाहिराती, नाकारलेली लग्नं, सगळं त्या गाण्यावर उभं होतं. तरी तो मधे एक शब्द बोलला नाही. मला तो त्या क्षणी फार आवडला.

"म्हण की," भागाआजी म्हणाली. "चार माणसांत म्हणायची तिला लई आवड व्हती. तवा कोण म्हणू देतंय? फकस्त तिचं नाव घे. हौसा म्हण. आन मला न्यायला गाडी पाठव."

तिनं आम्हांला प्रत्येकी एक काकडी दिली. कोवळी, पाणीदार. ती खावी की नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तोपर्यंत वैशालीनं आपली खाल्ली होती.

पुन्हा बारामती

कार्यक्रम संध्याकाळी होता. सुरुवातीला सभागृहात खुर्च्याच जास्त दिसत होत्या. मग हळूहळू माणसं येत गेली. कॉलेजची मुलं, हणमंतच्या शिकवणीतल्या पोरांचे आईबाप, तात्यांचे पटकेवाले भाऊबंद, निमगावची मंडळी. पूर्ण भरलं नाही, पण रिकामंही राहिलं नाही. पहिल्या रांगेत भागाआजी, आणि तिच्या शेजारी तात्या.

गाणी चांगली झाली. हणमंतच्या ढोलावर तात्यांचे भाऊबंद बसल्या जागी डोलायला लागले. माझ्या खुंट्यांनी त्या संध्याकाळपुरती दया दाखवली. शेवटी वैशाली पुढे आली. "ही ओवी भागाआजीची आणि तिच्या हौसाची," एवढंच ती म्हणाली. पहिली ओवी झाली, दुसरी झाली. सभागृहात शिंकसुद्धा नव्हती.

तिसरीपाशी तिचा आवाज निघाला नाही. तिनं तोंड उघडलं, आणि मान खाली घातली. अशा वेळी साथ करणाऱ्यानं धीर द्यायचा असतो. मी डोळे मिटून षड्ज लांबवत राहिले. गज संपत आला, परत फिरवला.

आणि ओवी आली. रंगमंचाच्या खालून, पहिल्या रांगेकडून, माइकशिवाय, साधी, मोकळी. *ओ देते सई.* मी मनात म्हटलं, म्हातारीनं सावरलं. एकदाच ऐकलेली ओवी शब्दानशब्द ध्यानात ठेवली. हणमंतनं ढोलावर अलगद बोटं टेकवली, मी सूर धरला, आणि ती संपली तेव्हा टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा थांबेनात.

बाहेर चहा घेताना मी भागाआजीच्या पाया पडले. "आजी, काय गायलात!"

"मी?" ती बशीतला चहा फुंकत म्हणाली. "मी कुठं? मी ऐकत बसले व्हते. लई वर्सांनी ऐकलं." मग वैशालीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "गोड म्हणलीस."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. ती गायली नव्हती. तिची मान खाली होती, हणमंतची नजर तिच्यावर होती, माझे डोळे मिटलेले. मी तात्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, तुम्ही तर शेजारीच होतात."

"व्हतो."

"मग?"

तात्यांनी पटका सारखा केला. "बाई, आमी जल्मभर रानात झोपलेली माणसं. सगळ्याच आवाजाचं तोंड बघाय जाऊ न्हाय."

हणमंतच्या यंत्रात त्या संध्याकाळचं सगळं उतरलं होतं. माइक लांब असल्यानं तिसरी ओवी अस्पष्ट आहे. आवाज तरुण की म्हातारा, ते ओळखता येत नाही. ती पुन्हा नीट रेकॉर्ड करावी, असं मी सुचवलं. दोघांनी नकारार्थी मान हलवली. गाणं त्यांनी तसंच बाहेर सोडलं. शब्द कुणाचे, तिथे वैशालीऐवजी दोन नावं घातली, भागा आणि हौसा.

मी रत्नागिरीला परतले तेव्हा व्हायोलिनच्या खुंट्या पुन्हा फुगून घट्ट झाल्या होत्या. त्यानंतर त्यांना इंदापूरला, पुढे साताऱ्याकडे कार्यक्रम मिळाले. लग्नाची कामं ते अजूनही घेतात, पण आपली दोन गाणी त्यात घुसवूनच. एमआयडीसीचा विषय निघत नाही. वैशाली कालव्याच्या वाटेनं जायला लागली आहे, आणि दर आठवड्याला पळसदेवला जाऊन भागाआजीकडे बसते.

परवा फोनवर मी तिला विचारलं, "नवीन काही सुचतंय का?"

"सुचतं, ताई. पर आता लिहायच्या आधी आजीला म्हणून दाखवते. म्हणते, बघा, हे कुणाचं हाय."